बाई मागं बसून गात्यात

गिऱ्हाईक दुकानात आलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "किती वॅटचा आहे?"

मी उलट विचारायचो, "खोली केवढी आहे?"

हे ऐकून माणूस गोंधळायचा. आवाज विकत घ्यायला आलेल्या माणसाला खोलीची लांबी-रुंदी कशाला विचारता? पण साताऱ्यात राजवाड्याच्या अलीकडं माझं दुकान होतं तोवर मी कुणालाही खोली विचारल्याशिवाय अ‍ॅम्प्लिफायर दिला नाही. वर पत्रा आहे की स्लॅब, जमिनीला शहाबादी की सारवण, भिंतीला कपाटं किती, खोलीत गाद्या-उशा असतात का, हे सगळं विचारायचो. रिकाम्या स्लॅबच्या खोलीत स्पीकरची चांगली पेटीसुद्धा पिंपात बोलल्यासारखी बोलते. त्याच खोलीत चार गाद्या टाका, तिचा गळा सुटतो. स्पीकर आठ ओहमचा असेल आणि अ‍ॅम्प्लिफायर सोळाचा, तर एकाचं बळ दुसऱ्याला पोचत नाही. आणि वॅटचं म्हणाल, तर घरात बसून गाणं ऐकायला पाच वॅट पुष्कळ होतात. पण पाच वॅट म्हटलं की लोकांचं तोंड पडायचं.

कारण माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांना ऐकायचं नव्हतंच, ऐकवायचं होतं. वडूजचे एक पेन्शनर होते. खोली जेमतेम दहा बाय बारा. म्हणाले, "आवं, खोलीचं काय घिऊन बसलाय? समोरच्या आळीत माजा साडू ऱ्हातो. त्येनं मागल्या म्हैन्यात पेटी आनली. आमची चालू झाली की त्येची बंद पडल्यागत वाटली पायजे." मी त्यांना बारा इंची स्पीकर दिला. पुढं कळलं की साडूनं दोन आणले. मेव्हणा, साडू, भावकी, शेजारी. माझा धंदा चालला तो या लोकांच्या हेव्यावर. तेव्हा मी हसायचो त्यांना. स्वतःला तो रोग कधी होईल असं वाटलं नव्हतं.

एकाहत्तरची लढाई होऊन गेल्यावर दोनेक वर्षांनी पोवई नाक्याच्या बाजूला एक नवं दुकान निघालं. हवालदार शंकर कांबळे. मूळचे वडूजकडचे, फौजेच्या सिग्नल विभागात पंधरा वर्षं काढून आलेले. साताऱ्यात रेडिओ दुरुस्त करणारे आम्ही सात-आठजण होतो, त्यात एक वाढला म्हणून काही बिघडत नव्हतं. पण महिन्याभरात माझीच गिऱ्हाइकं मला येऊन सांगायला लागली, "त्या कांबळ्याकडं चार पेट्या हायत. दोन म्होरं, दोन मागं. गान्यात बसल्यागत वाटतं." पहिल्यानं सांगितलं तेव्हा मी हसलो. चौथ्यानं सांगितलं तेव्हा चिडलो. एका दुपारी दुकानाला कुलूप लावून स्वतःच गेलो.

कांबळ्यांनी मला ओळखलं. उंच, सडपातळ, अजून फौजेतल्यासारखे ताठ उभे राहणारे. भिंतीवर निळ्या कोटातल्या बाबासाहेबांचा फोटो, त्याला ताजा हार. खोलीच्या मधोमध एक लोखंडी खुर्ची. त्यांनी मला तीत बसवलं.

"हितंच बसा, साहेब. जरा बी हलू नगा."

तबकडी लागली. एक बाई गात होत्या, मागं सारंगी, तबला. बाई अगदी समोर, दोन पेट्यांच्या बरोबर मध्ये, जिथं पेटी नव्हती तिथं उभ्या होत्या. एवढं माझ्याही सेटवर व्हायचं. पण इथं सारंगीचा घुमारा माझ्या खांद्यांवरून मागं जात होता. गाणं संपलं आणि तबकडीतल्या बैठकीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या माझ्या पाठीमागून आल्या. मी मान वळवून पाहिलं. मागं दोन लहान पेट्या होत्या, आणि दारात कांबळ्यांची बायको उभी होती.

"मागच्यांना वेगळा अ‍ॅम्प्लिफायर?" मी विचारलं.

"न्हाई न्हाई. एकच." त्यांनी काहीही न लपवता मला सगळी जोडणी दाखवली. डाव्या आणि उजव्या आवाजात जेवढा फरक असतो, तेवढाच फक्त मागच्या पेट्यांना मिळत होता. गाणाऱ्याचा गळा दोन्हीकडं सारखा भरलेला असतो, म्हणून त्यात फरक नाही, म्हणून तो मागं जात नाही. मागं जातो तो, जिथं गाणं भरलं त्या दिवाणखान्याचा घुमारा, टाळ्या, वाद्यांच्या नादाची शेपटं. एक तार इकडची तिकडं, बस्स. मेसमध्ये पडलेल्या कुठल्याशा परदेशी मासिकात त्यांनी चित्र पाहिलं होतं. मी वीस वर्षं तारांना कथलाचे डाग देत होतो आणि मला ते सुचलं नव्हतं.

"आणि गंमत सांगू का," कांबळे म्हणाले, "मला सोताला ह्ये कळत न्हाई. डावा कान सरहद्दीवर ठिवून आलो मी. गोळा पडला जवळ. मी निस्तं बांधतो. आइकती ही." त्यांनी दाराकडं हात केला.

सुमनबाई हसल्या. "मी आपलं सांगती, बाई हितं हाय, तबला तितं हाय. त्यावरनं हे तारा हालवत्यात."

चहा झाला. मी निघालो. छान आहे, हा एक शब्द म्हणायला हवा होता. जिभेवर आला होता. मी "येतो" म्हणालो.

त्यानंतर माझं काय झालं ते सरळच लिहितो. मी माझ्या सेटवर गाणं ऐकू शकेना. चांगला सेट होता, सागवानी पेट्या मिरजेच्या सुताराकडून करून घेतलेल्या, ट्रान्सफॉर्मर सांगलीत एका कसबी माणसाकडून गुंडाळून घेतलेला. पण सुरू केला की मला मागची रिकामी भिंत ऐकू यायची. गिऱ्हाईक कांबळ्यांचं नाव काढायचं आणि माझा डाग चुकायचा. एकदा एक गृहस्थ माझ्या दुकानात बसून म्हणाले, "सेट त्याचा बरा असंल, पर त्याच्या हातची वस्तू देवघराला लागून असलेल्या खोलीत कशी ठिवायची?" मी हातातलं काम बाजूला ठेवलं. त्यांच्यासाठी चहा मागवला.

रहिमतपूरला बापूसाहेब म्हणून उसाचे मोठे बागायतदार होते. नवा बंगला बांधला होता. त्यांचे धाकटे भाऊ फौजेत मेजर, त्यांनी परदेशातून एक उत्तम रेकॉर्ड प्लेअर आणून दिला होता. त्याला साजेसा अ‍ॅम्प्लिफायर आणि पेट्या हव्या होत्या. बापूसाहेबांनी मलाही बोलावलं आणि कांबळ्यांनाही. "दोघं बी आना. एकाच तबकडीवर दोनी लावू. कानाला जे ग्वाड लागंल ते ठिवू." माणूस सरळ होता. कांबळ्यांना त्यानं स्वतः होऊन बोलावलं होतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

रविवारी सकाळी आम्ही पोचलो. मोठा हॉल, खाली गालिचा, भिंतीला पडदे. असली खोली मिळावी म्हणून मी आयुष्यभर वाट पाहिली होती. दोघांनी आपापले सेट मांडले. कांबळ्यांबरोबर सुमनबाई आल्या होत्या. त्या मधे उभं राहून नवऱ्याला पेट्या कुठं सरकवायच्या ते सांगत होत्या. लावून पाहणार तोच जेवणाची हाक आली.

मला आत टेबलावर वाढलं. कांबळे नवरा-बायकोचं पान मागच्या ओसरीवर होतं. कांबळे मागच्या दारानं गेले. मी लवकर हात धुतले आणि हॉलमध्ये परत आलो. तिथं कुणी नव्हतं.

घरून ठरवून आलो नव्हतो, एवढं सांगतो. खुर्चीत बसलो. कांबळ्यांच्या चारी पेट्यांकडं पाहिलं. आज हा जिंकणार, आणि उद्यापासून रहिमतपूर, कोरेगाव, पार साताऱ्यापर्यंत लोक सांगणार की कांबळ्यानं मला हरवलं. पुढचं माझ्या हातांनी केलं असं म्हणायची सोय आहे, पण केलं मीच.

इथं थोडं समजावून सांगतो. दोन पेट्यांतल्या स्पीकरचे कागदी पडदे एकाच वेळी पुढं आले पाहिजेत आणि एकाच वेळी मागं गेले पाहिजेत. एकीकडची जोडणी उलटी झाली की एक पुढं येतो तेव्हा दुसरा मागं जातो, आणि दोघं एकमेकांचा आवाज खातात. तबला पोकळ होतो, मधोमध उभा असलेला गळा विरघळून जातो. आणि कांबळ्यांच्या जोडणीत तर मागच्या पेट्यांना फक्त फरक मिळायचा. उलट्या आवाजाचा फरक काढला की तो गळ्याचाच निघतो. म्हणजे गाणारी बाई समोरून उठून मागं जाऊन बसते.

रेकॉर्ड प्लेअरच्या सुईच्या डोक्यात शेवईपेक्षा बारीक चार तारा असतात. पांढरी-निळी डाव्या आवाजाची, तांबडी-हिरवी उजव्या. मी खिशातला चिमटा काढला आणि तांबडी-हिरवीची अदलाबदल केली. मग उठून माझ्या उजव्या पेटीच्या मागच्या दोन तारा उलट्या लावल्या. दोनदा उलटं म्हणजे सुलटं. माझा सेट नीट वाजणार होता, त्यांचा नाही, आणि त्यांनी त्यांच्या साऱ्या तारा तपासल्या असत्या तरी चूक सापडली नसती. दोन मिनिटं लागली असतील. वीस वर्षांत इतक्या सफाईनं मी हात चालवला नव्हता.

आधी माझा सेट लावला. गोड वाजला. बापूसाहेबांनी मान डोलावली. मग कांबळ्यांचा. बापूसाहेब मधल्या खुर्चीत, सुमनबाई त्यांच्या मागं उभ्या. तबकडी फिरली. पुढच्या पेट्यांतून पातळ, पोकळ काहीतरी आलं. सुमनबाईंनी झटकन मान वळवली.

"आवं," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "बाई मागं बसून गात्यात!"

बापूसाहेबांनीही वळून पाहिलं आणि मोठ्यानं हसले. "ह्ये काय रं, हवालदार? गाणारनीला पाठ दाखवून आइकायचं व्हय?"

कांबळे हसले नाहीत. ते गुडघ्यांवर बसले आणि एकेका पेटीच्या मागं जाऊन तारा बघत राहिले. सगळ्या बरोबर होत्या. उठले. पुन्हा लावून पाहिलं. सुमनबाईंचं तेच.

"घरी असं न्हवतं," त्या म्हणाल्या.

"घरी खोली ल्हान हाय," कांबळे म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "तुमाला काय वाटतं, विंजिनेर?"

रहिमतपूरला मला सगळे विंजिनेर म्हणत. मी म्हणालो, "असल्या प्रयोगांचं असंच होतं. मोठ्या खोलीत टिकत नाहीत."

त्यांनी ते खरं मानलं. पेट्यांच्या तारा सोडवताना त्यांनी एक गोष्ट केली. उजवा हात उजव्या कानाशी नेला आणि हळूच चुटकी वाजवली. थोडा लांब नेला, पुन्हा वाजवली. मी ते पाहिलं, आणि मान खाली घालून माझ्या तारा आवरू लागलो. माझा सेट तिथं राहिला.

पुढं काही महिन्यांनी पोवई नाक्यावरून जाताना दिसलं, कांबळ्यांच्या पाटीवरचा 'स्टीरिओ' शब्द रंगानं पुसला होता. रेडिओ दुरुस्ती, माइक दुरुस्ती एवढंच उरलं होतं. मला हायसं वाटलं. त्याहून वाईट पुढंच आहे. सांगलीचे एक डॉक्टर माझ्याकडं आले, त्यांना काहीतरी नवीन हवं होतं. मी त्यांना कांबळ्यांची जोडणी करून दिली, माझी म्हणून. डॉक्टर खूश झाले, चार लोकांना बोलावून त्यांनी माझं कौतुक केलं. कौतुक होत होतं तेव्हा मी आतून जळत होतो. ते सगळं कांबळ्यांच्या वाट्याचं होतं आणि तिथं ते फक्त मलाच माहीत होतं. चोरी करूनही हेवा जात नाही, हे मला त्या सांगलीच्या दिवाणखान्यात कळलं.

दोन वर्षं अशी गेली. बापूसाहेबांच्या प्लेअरची सुई डोक्यासकट मोडली. मी तेव्हा आठवडाभर सांगलीला डॉक्टरांच्याच कामात होतो. बापूसाहेबांना पाहुण्यांसाठी घाईनं सेट हवा होता, म्हणून त्यांनी कांबळ्यांना बोलावलं. हे मला कळलं ते बापूसाहेब साताऱ्याला कोर्टाच्या कामासाठी आले आणि माझ्याकडं डोकावले तेव्हा.

"नवी सुई बसवली त्येनं," ते सांगत होते, "आन् तुमचा सेट एकदम खोकड झाला बगा. तबला न्हाई, काय न्हाई. कांबळे जरा इचारात पडला. मग तुमच्या उजव्या पेटीच्या मागं गेला, तार बदलली, झालं बेस. म्हनला, साफसफाई करताना कुनीतरी पेटी हालवली आसंल, तार उलटी लागली. सेट मातूर चांगला हाय, बांधनाऱ्याचा हात चांगला हाय म्हनला."

माझ्या हातातली कॉफीची बशी मी खाली ठेवली. कांबळ्यांनी सुईच्या नव्या डोक्याच्या तारा रंगाप्रमाणं बरोबर लावल्या होत्या, त्यामुळं माझा सेट पोकळ झाला होता, माझी पेटी उलटी सापडली होती. सिग्नलचा माणूस. त्याला त्या क्षणी सगळं कळलं असणार. आणि तरी त्यानं बापूसाहेबांना माझ्याबद्दल चांगलं सांगितलं. मला शरम वाटायला हवी होती. वाटली, पण नंतर. आधी वाटलं ते हेच, की इथंही हा माझ्यापेक्षा वरचढ निघाला.

आठ दिवस काढले. नवव्या दिवशी त्यांच्या दुकानात गेलो. कांबळे एका रेडिओत डोकं घालून बसले होते, सुमनबाई शेजारी स्क्रू निवडत होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. चिमटा, तांबडी-हिरवी तार, सांगलीचे डॉक्टर, सगळं. कांबळे ऐकत राहिले. त्यांचा उजवा कान माझ्याकडं होता.

"मला म्हाईत झालं हुतं," ते म्हणाले. "बसा."

मी बसणार, तर सुमनबाई उठल्या. "आदी हिकडं या."

त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. भिंतीवर खडूच्या रेघा होत्या, लहान, उभ्या, खुर्चीपासून दारापर्यंत ओळीनं, पुसट, एकीवर एक.

"त्या दिसापास्नं ह्यांनी मला रोज सकाळी घड्याळ धराया लावलं. डोळं मिटून बसायचे. मी घड्याळ घिऊन मागं मागं जायची. जितं टिकटिक थांबली तितं रेघ. त्येंना वाटलं, ऱ्हायलेला कान बी चालला. पुण्याला मिलिटरीच्या दवाखान्यात गेलो. डाक्टर म्हनला कान ठणठणीत हाय. ह्यांचा इश्वास न्हाई. रोज रेघ. दोन वर्स, विंजिनेर. हितं माझ्या घरात दोन वर्स गानं लागलं न्हाई."

"ऱ्हाऊ दे गं," बाहेरून कांबळे म्हणाले.

"का ऱ्हाऊ दे?" त्या माझ्याकडंच बघत होत्या. "आमच्याम्होरं कबूल करून काय हुनार? आमाला तर म्हाईतच हाय. रहिमतपूरला चला. जितं खोटं बोललासा, तितं खरं बोला."

मला वाटलं होतं, माफी मागितली की सुटलो. पण "येतो" म्हणालो, आणि या वेळी ते निरोपाचं नव्हतं.

पुढच्या रविवारी एस.टी.च्या टपावर चार पेट्या बांधून आम्ही तिघं रहिमतपूरला गेलो. बापूसाहेबांसमोर मी बोललो. त्यांचे कामावरचे दोघेजण तिथं होते, ते बाहेर जातील अशी मी वाट पाहिली, ते गेले नाहीत. बोलून झाल्यावर बापूसाहेब बराच वेळ पानाचा डबा उघडझाप करत बसले.

"माज्या घरात?" शेवटी ते म्हणाले. मग कुणाकडंच न बघता, "मला बी त्या दिशी बरंच वाटलं हुतं म्हना. तुमचा सेट चांगला निघाला ह्येचं." त्याचा अर्थ तिथल्या सगळ्यांना कळला. कांबळ्यांनाही.

"लावा, हवालदार," बापूसाहेब म्हणाले.

कांबळ्यांनी पेट्या मांडल्या. तबकडी लागली. मी पडद्याजवळ उभा होतो, तिथूनसुद्धा कळत होतं. हॉलची भिंत जणू मागं सरकली. बापूसाहेबांनी खुर्चीचे हात धरले होते. कांबळे मात्र पेट्यांकडं बघत नव्हते. ते बायकोच्या चेहऱ्याकडं बघत होते. तिच्या कपाळावरची आठी हळूहळू मोकळी झाली, तिनं हात पुढं करून समोरच्या रिकाम्या जागेकडं बोट दाखवलं, हितं, म्हणून. कांबळ्यांनी तेव्हा श्वास सोडला.

माझा सेट मी सोडवला आणि घेऊन आलो. बापूसाहेबांनी ठेवा म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही. सांगलीच्या डॉक्टरांना पत्र लिहिलं, की जोडणी साताऱ्याच्या कांबळ्यांची आहे. त्यांचं उत्तर आलं नाही. कांबळ्यांच्या पाटीवर 'स्टीरिओ' पुन्हा रंगवला गेला, आधीपेक्षा मोठ्या अक्षरांत. आमची मैत्री झाली असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. रस्त्यात भेटलो की ते थांबायचे, धंद्याचं विचारायचे. सुमनबाई थांबायच्या नाहीत.

चार पेट्या मागणाऱ्या गिऱ्हाइकाला मी कांबळ्यांचा पत्ता द्यायला लागलो. सगळ्यांना दिला म्हटलं तर खोटं होईल, पण पुष्कळांना दिला. पत्ता घेऊन माणूस पोवई नाक्याकडं चालू लागला की मी काउंटर सोडून दारात येऊन उभा राहायचो. तो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत बघत राहायचो, आणि दर वेळी मनात यायचं, यानं परत फिरावं.